टेकडीवरचा ठिपका

गुमातोचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की आम्ही सासू-सुना गळ्यात गळे घालून राहत होतो. ती दूध तापवायला ठेवायची आणि उतू घालवायची. मी बोलायचे. मी बोलले की ती भांडी जरा जास्तच जोरात आपटायची. माझा लेक इसाको मधल्यामध्ये कानात बोळे घातल्यासारखा बसायचा. पण तिने बांधलेलं घर कधी वाऱ्याने पडलं नाही, हेही खरं. चाल्बीच्या वाळवंटाच्या काठावर राहून जिचं घर पडत नाही त्या बाईला मी मनातून मानते. तोंडावर कशाला सांगायचं?

तर त्या गुमातोला आदल्या सकाळपासून कळा येत होत्या आणि मूल येत नव्हतं. ही तिची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी शेळ्या चरून परत यायच्या आत ती मोकळी झाली होती. या वेळी शेळ्या आल्या, दूध निघालं, दिवस मावळला, पुन्हा उजाडायला आलं, तरी ती आपली घराची काठी धरून उकिडवीच. दारारे तिच्यापाशी होती. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं दारारेच्या हातावर जन्मलेली आहेत, आणि तिच्या तोंडून ‘मला जमत नाही’ हे शब्द मी आजवर ऐकले नव्हते. ती बाहेर आली, राखेने हात चोळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “बोकायो, हे रक्त मला आवडत नाही. हे माझ्या हातचं नाही गं.”

“मग कुणाच्या हातचं?”

“सुईवालीच्या. गाडी बोलवा. आज आली तर बरं.”

गाडी बोलवायची म्हणजे दोको टेकडीवर जायचं. आमच्या वस्तीत फोन आहेत, पण ते गाणी ऐकायला आणि बॅटरी म्हणून. आवाज लागतो तो फक्त टेकडीच्या माथ्यावर. लग्न ठरवायचं, मयत कळवायचं, उंटाचा भाव विचारायचा, सगळं तिथे. आम्ही नवीन चाऱ्याला येऊन आठवडाही झाला नव्हता. पूर्वीच्या तळावरून टेकडी हाकेवर होती, इथून चांगली लांब पडत होती. सपाट जमिनीवर ती डोळ्यांना जवळ दिसते, पायांना विचारा. वस्तीतले तरणे बाप्ये उंट घेऊन उत्तरेला गेलेले. उरलो आम्ही बायका, शेळ्या, म्हातारा यत्तानी आणि इसाको. बायकोचे दिवस भरलेत म्हणून तो मागे राहिला होता आणि त्याबद्दल उंटवाल्यांनी त्याची भरपूर थट्टा करून घेतली होती.

उजाडता उजाडता इसाको धावत गेला.

तो परत आला तेव्हा ऊन चढलं होतं. घामाने भिजलेला, पण चेहरा हसरा. “बोललो! नर्स मकेनाच होती फोनवर. गाडी निघते म्हणाली. मी ठिपका पाठवलाय.”

हा ठिपका म्हणजे काय, तेही सांगते. गेल्या कोरड्या दिवसांत संस्थेची माणसं आली होती. त्यांच्याकडे एक पांढरी गाडी आहे, आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायला. त्यांनी आम्हाला बाभळीखाली बसवलं, साखरेचा चहा पाजला आणि सांगितलं की यापुढे रस्ता समजावत बसायचं नाही. तुम्ही रोज हिंडता, तुमच्या खुणा आमच्या ड्रायव्हरला कळत नाहीत. कुणी सांगतं मेलेल्या उंटापासून डावीकडे, कुणी सांगतं जिथे गेल्या साली भांडण झालं तिथे. फोनवर एक बटण दाबा, तुमचा ठिपका आमच्याकडे येईल, गाडी सरळ ठिपक्यावर येईल. सगळ्यांनी माना हलवल्या. चहा प्यालं की माणूस मान हलवतोच. मी तेव्हाच म्हणाले होते की हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. आमच्याकडे उंटही आहेत आणि शेळ्याही, म्हणून सांगते, ते होत नाही.

“बरं केलंस,” मी इसाकोला म्हटलं. “आता पाणी पी आणि विहिरीवर जाऊन उभा राहा.”

“विहिरीवर कशाला?”

“कशाला म्हणजे? बोलावलेल्या माणसाला कुठून आणतात?”

हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पाहुणा बोलावला की घरातलं माणूस विहिरीवर जाऊन बसतं आणि त्याला घेऊन येतं, कारण आमचं घर आज इथे तर उद्या तिथे, विहीर मात्र जागची हलत नाही. जुना ड्रायव्हर गलगालो होता तोवर गाडीसुद्धा विहिरीवरच थांबायची. तो दोनदा भोंगा वाजवायचा आणि पाय पसरून झोपायचा. कुणीतरी त्याला उठवायचं, शेजारी बसायचं आणि घरापर्यंत आणायचं. गलगालोचे गुडघे आता गेले, त्याने गाडी सोडली.

“आई, गाडी आता विहिरीकडून येतच नाही,” इसाको म्हणाला. “सरळ येते. चाल्बी कापून. ठिपक्यावर.”

“आणि ठिपका कुठे आहे?”

“माझ्यापाशी.”

“तू पाठवलास तेव्हा तर तू टेकडीवर होतास.”

आता मला कुणी शहाणी म्हणू नका. मला फोनमधलं ओ की ठो कळत नाही. बाहेर टाकलेली वस्तू जिथे टाकली तिथेच सापडते, एवढंच मला माहीत. पण इसाको आठवीपर्यंत शिकलाय आणि त्याने मला जे दाखवलं त्यापुढे मी काय बोलणार? त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. पिवळट पडद्यावर एक निळा ठिपका होता, उंटाच्या कानातल्या गोचिडीएवढा.

“हा मी. बघ. टेकडी ही अशी इथे वर राहिली. आणि मी कुठे आहे? इथे, आपल्या वस्तीत.”

“आवाज लागत नाही तर हा कसा दिसतो?”

“ह्याला आवाज लागत नाही. हा आभाळातून येतो. थांब, चालून दाखवतो.”

आणि तो चालला. घरापासून शेळ्यांच्या काट्याच्या कुंपणापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दारारेची थोरली लेक त्याच्या मागून पडद्यात डोकावत चालली. “हलला गं, आक्को! खरंच हलला!” ती ओरडली. आक्को म्हणजे आजी, वस्तीतली पोरं मला तेच म्हणतात. म्हातारा यत्तानी काठी टेकत आला. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्याने हवं तेवढंच येतं. त्यानेही फोन हातात घेऊन चार पावलं टाकली, मग उलटी टाकली, आणि ठिपका त्याच्याबरोबर आला.

“हा तर आपल्यातलाच निघाला,” यत्तानी म्हणाला. “हिंडतो.”

सगळे हसले. मीही हसले, लपवत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला हसायला काहीही पुरतं. घराच्या आतून गुमातोचा आवाज आला, दोन कळांच्या मधला, दम लागलेला.

“त्या ठिपक्याला म्हणावं आत ये, नि ह्या पोराला वाट दाखव.”

“तू गप पड,” मी म्हटलं. “जीभ चालवण्यापेक्षा जोर लाव.”

“जीभ तुमच्याकडूनच आली, आत्या. जोर तेवढा माझा.”

अशी ती. इसाको हसत हसत तिच्या घरात गेला. बाप्याने तिथे जायचं नसतं, पण दारारेने डोळे झाकले आणि मीही. मी त्याला पुन्हा विहिरीवर जा म्हणाले नाही. ठिपका आमच्यात आहे हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आत माझ्या सुनेने माझ्या लेकाचं मनगट धरून ठेवलं होतं. मलाही बसावंसं वाटत होतं. मी चूल पेटवली आणि नर्ससाठी चहाचं पाणी ठेवलं.

गाडी आम्हाला दिसली. लांब, चाल्बीच्या पांढऱ्या पाटावर धुळीची शेपटी उठली आणि वाढत गेली. सपाटीवर धूळ लपत नाही. दारारेची लेक नाचायला लागली. मी आत जाऊन सांगितलं, “आली गं. आता थोडं धर.” गुमातोने मान हलवली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. तिच्याखालची वाळू दारारेने दोनदा बदलली होती आणि तिसऱ्यांदा बदलत होती.

धूळ आमच्याकडे येत होती, मग जरा डावीकडे सरकली. मला वाटलं खड्डा चुकवत असेल. मग आणखी सरकली. मी चुलीपासून उठून उभी राहिले.

“इसाको, ती तिकडे कुठे चाललीय?”

तो बाहेर आला आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. धुळीची शेपटी दोको टेकडीकडे सरळ दोरीत चालली होती. टेकडीच्या पायथ्याशी पोचली आणि बसली. धूळ विरल्यावर तिथे काहीतरी चमकलं. गाडीची काच.

इसाकोने खिशातून फोन काढून पाहिला. ठिपका त्याच्या पायाखालीच होता.

“पण मी तर इथे आहे,” तो म्हणाला.

मी उभ्या आयुष्यात पुष्कळ राग केला आहे, पण त्या वेळी मला राग आला नाही. “धाव,” मी म्हणाले. “धाव रे बाबा.” तो धावला. सकाळपासून त्याची ही दुसरी फेरी, तरी तो असा धावला की टाचांची धूळ त्याच्या डोक्यावर उडत होती.

आम्ही काय काय केलं ते आठवलं की आजही हात दुखतात. माझं पांढरं लुगड्याएवढं कापड काठीला बांधून मी हलवत राहिले. दारारेच्या लेकीने उंटाच्या लेंड्या पेटवल्या, धूर व्हावा म्हणून वर ओल्या लेंड्या टाकल्या. पण त्या वेळेला वारा सुटलेला असतो, धूर उठायच्या आत जमिनीलगत पसरून जात होता. यत्तानीने पत्र्याचा डबा बडवला. आम्हाला काच चमकताना दिसत होती, एकदा तर दार उघडून मिटलेलंही दिसलं. पण त्यांना आम्ही दिसणार कशा? आमची घरं जमिनीच्या रंगाची, ठेंगणी. उन्हात लांबून ती दगडांसारखी दिसतात आणि दगड तिथे काय कमी आहेत? त्यांना वस्ती शोधायची नव्हतीच. ते वस्तीवर पोचले होते. त्यांच्या पडद्यावर तसं लिहून आलं होतं.

इसाको अजून अर्ध्या वाटेतही नव्हता, तेव्हा काच फिरली. धूळ उठली. आली तशी परत गेली.

दारारे घरातून ओरडली, “आले का?”

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे गेले.”

मी चुलीवरचं पाणी ओतून दिलं. मग वाटलं, पाणी कशाला ओतलं, आणि माझं मलाच रडू फुटलं. चार घोट पाण्यासाठी रडत बसायची ती वेळ नव्हती. दारारेने बाहेर येऊन माझा दंड धरला. “बोकायो, आता ती इथे राहिली तर संपली. तिला टेकडीवर न्यायला हवं. गाडी पुन्हा आली तरी तिथेच येणार.”

न्यायचं म्हणजे उंटावर. उंटावर आजाऱ्याला बसवायचं तर घराच्या बाकदार काठ्या लागतात. त्यांचा पाळणा बांधतात आणि वर चटई घालतात. यत्तानी गुमातोच्या घराकडे निघाला तेव्हा मी त्याला अडवलं. बाळंतीण आत असताना तिचं घर मोडायचं नसतं. ते मेलेल्याचं मोडतात.

“मग काठ्या कुठून आणू? आभाळातून?” यत्तानी म्हणाला.

“माझं घर उतरव.”

“तुझं?”

“का? माझ्या घराला काय सोनं लागलंय? उतरव.”

माझ्या लग्नात माझ्या आईने आणि मावश्यांनी बांधलेल्या काठ्या त्या. काही मोडल्या, काही बदलल्या, पण माथ्याच्या दोन अजून त्यांच्याच हाताने वाकवलेल्या होत्या. आम्ही तीन बायकांनी ते घर इतक्या झटपट उतरवलं की एरवी मी कुणाला एवढं धसमुसळं काम करू दिलं नसतं. ओझ्याचा उंट वस्तीत एकच होता, म्हातारा आणि चिडका. बसताना तो गुरगुरला. गुमातोला उचलून आत ठेवलं तेव्हा ती डोळे उघडून म्हणाली, “ह्या तुमच्या काठ्या ना, आत्या?”

“हो. जपून बस. मोडल्यास तर बघ.”

ती हसली की कळ आली, मला नक्की कळलं नाही.

आम्ही निघालो. दारारे एका बाजूने तिला धरून, मी दुसऱ्या बाजूने, दारारेची लेक उंटाची दोरी धरून पुढे. यत्तानी शेळ्यांपाशी राहिला. समोर दोको टेकडी. तिच्या माथ्यावर आता एक काळा कण दिसत होता. इसाको पोचला होता.

तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं, पण इथेच सांगते म्हणजे नीट लागेल. तो माथ्यावर चढला तेव्हा पायथ्याला टायरांच्या ताज्या खुणा होत्या. आवाज लागताच फोन थरथरायला लागला आणि थांबेना. मकेनाने कितीदा तरी फोन केले होते. मग निरोप होते. आम्ही पोचलो. कुठे आहात? आम्ही तुमच्या जागेवर आहोत. इथे कुणी नाही. पेशंट हलवला का? भोंगा वाजवतोय. थांबलोय. जातोय.

त्याने फोन लावला. गाडी पुष्कळ लांब गेली होती आणि तिच्यात दवाखान्यापर्यंत पोचेल एवढंच डिझेल उरलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, तेल भरून लगेच फिरतो, ठिपका पुन्हा पाठव. इसाकोने पाठवला. मग तो रडत म्हणाला, “मी वस्तीत होतो. ठिपकासुद्धा वस्तीत होता.” ड्रायव्हरला त्यातलं काय कळलं देव जाणे. तो एवढंच म्हणाला, “आता आहात तिथून हलू नका.”

इसाको हलला नाही.

वाटेत एक बाभूळ आहे, एकटीच. तिच्यापर्यंत पोचेतो ऊन डोक्यावर आलं होतं आणि पाळण्यातून रक्त उंटाच्या पोटावर ओघळत होतं. दारारे म्हणाली, “थांबवा. आता इथेच.” उंट बसवला. तिला खाली घेतलं, सावलीत, माझ्या घराच्या चटईवर. आणि जे मूल रात्रभर, दिवसभर येत नव्हतं, ते उंटाच्या हिसक्यांनी म्हणा की देवाच्या मनात आलं म्हणून म्हणा, आलं. मुलगा. आधी रडला नाही. दारारेने त्याच्या तोंडात फुंकर घातली, पायाला धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा शेळीच्या करडासारखा बारीक आवाज काढला.

“झाला गं,” मी म्हणाले. “बघ, नाक आमचं घेऊन आलाय.”

गुमातोने बघितलं. “मग तर भांडणारच,” ती म्हणाली.

दारारे दोन्ही मुठींनी गुमातोचं पोट दाबत होती, आणि रक्त थांबत नव्हतं. मी वाळू आणली. पुन्हा आणली. वाका देवा, आता तूच बघ, असं मी मोठ्याने म्हटलं. आमचा देव आभाळात राहतो, म्हणजे तोही तिथेच, जिथून तो निळा ठिपका येतो. पण त्या दिवशी आभाळात कुणी आमच्याकडे बघत होतं असं मला वाटलं नाही.

“इसाको?” गुमातोने विचारलं.

“तो काय टेकडीवर. दिसतो की इथून.”

मी तिचं डोकं मांडीवर घेऊन जरा वर केलं. कण दिसत होता. तिने डोळे बारीक केले.

“तो येत का नाही?”

मी उठले, कापड हलवलं. हात वर करून, जीव खाऊन हलवलं. इतक्या अंतरावरून माणसाला कापड दिसतं. कण जागचा हलला नाही. दारारेची लेक म्हणाली, “आक्को, मी पळत जाऊन आणू?” मी हो म्हणणार होते. ती जाईल, तो खाली येईल, आणि तेवढ्यात गाडी आली तर? पुन्हा रिकामी टेकडी. पुन्हा भोंगा. पुन्हा परत. तो तिथे होता तोवर गाडीला यायला जागा होती. जगात आमच्यासाठी दुसरी जागा नव्हती. मी पोरीला म्हटलं, “नको.”

मग मी गुमातोला म्हणाले, “येतोय. निघाला.”

“इसाको,” ती पुन्हा म्हणाली, विचारल्यासारखं नाही, बोलावल्यासारखं. आणखी एकदा म्हणाली. तिसऱ्यांदा फक्त ओठ हलले. दारारे दाबत राहिली. पुष्कळ वेळ दाबत राहिली. मी तिचे हात धरून बाजूला केले तेव्हा कुठे थांबली.

सावली बाभळीच्या दुसऱ्या बाजूला गेली. आम्ही उठलो नाही. मूल दारारेच्या लेकीपाशी होतं. तिने बरोबर आणलेल्या शेळीच्या दुधात बोट बुडवून त्याच्या तोंडात दिलं, ते चोखत होतं. माश्या आल्या. मी कापडाने वारत बसले, तेच कापड. टेकडीवर तो कण तसाच. कधी बसला नाही, कधी सावलीला गेला नाही. माणूस उन्हात इतका वेळ उभा राहू शकतो हे मला माहीत नव्हतं. पुरुषांना बायकांची माया नसते असं मी नेहमी म्हणते. त्या दिवशी मनात म्हटलं नाही.

गाडी आली तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. धूळ उठली, टेकडीशी गेली, या वेळी तिथे जेमतेम थांबली आणि सरळ आमच्याकडे आली. इसाको बाहेर पायरीवर उभा राहून हाताने वाट दाखवत होता.

मकेना गाडी थांबायच्या आत उतरली. बारीक चणीची पोर, चष्म्यावर धूळ, डोळे सुजलेले. तिने गुमातोच्या मानेला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग काढून घेतला. मुलाला उचलून छातीला कान लावला. “हे चांगलं आहे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आक्को, रक्त थांबवायची सुई माझ्या पेटीत होती. सकाळीही होती. आम्ही तिथे बसून होतो. चहा घेतला आम्ही.” मला तिला चार शब्द सुनवायचे होते, वाटभर जुळवले होते. पण तिच्याकडे बघितल्यावर वाटलं, हीसुद्धा त्या ठिपक्याच्या मागे दिवसभर फिरलीय. मी म्हटलं, “पोराला गाडीत ने. ऊन लागेल.”

ड्रायव्हर गाडीपाशीच उभा राहिला. त्याने टोपी काढली होती आणि काय करायचं ते न कळून ती पुसत होता.

इसाको गुमातोपाशी गुडघे टेकून बसला. त्याची कातडी उन्हाने काळीनिळी झाली होती, ओठ फुटले होते. तिच्याकडे बघतच तो माझ्याशी बोलला.

“मी हललो नाही, आई. ते म्हणाले हलू नका. मी एक पाऊल टाकलं नाही. मला वाटलं पाऊल टाकलं तर तो पुन्हा माझ्याबरोबर येईल.”

“हो रे.”

“तू कापड हलवत होतीस ते मला दिसलं. मला वाटलं, मूल झालं म्हणून हलवतेस. मीसुद्धा हात हलवला. दिसला का?”

“दिसला,” मी म्हणाले. दिसला नव्हता.

“कधी गेली?”

माझं तोंड फाटकं आहे. जे आहे ते मी बोलून टाकते, वस्तीत सगळे मला त्यासाठी टरकतात. मी बाभळीच्या सावलीकडे पाहिलं. ती आता लांब पूर्वेला पडली होती.

“आत्ताच,” मी म्हणाले. “तुमची धूळ दिसली तेव्हा.”

दारारेने मान खाली घातली.

“माझं नाव घेतलं का तिने?”

“नाही रे,” मी म्हणाले. “मूल झाल्यापासून शुद्धीवरच नव्हती.”

त्याने बराच वेळ मान हलवली. मग उठला आणि उंटाच्या पाठीवरून माझ्या घराच्या काठ्या सोडायला लागला.